संशोधनाची स्टॅटिक साइट: होस्टिंग कुठं घ्यायचं आणि साइट लाइव्ह कशी करायची

प्रबंध संपत आला की गाइड म्हणतात, "साहित्य वेबवर टाकून द्या, परीक्षकांना लिंक देता येईल." मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. कुणी म्हणतं वर्डप्रेस घ्या, कुणी म्हणतं गूगल साइट्स, आणि होस्टिंग विकणाऱ्या कंपन्या वर्षाला काही हजारांचं पॅकेज पुढं करतात. बहुतेक संशोधकांना यातलं काही लागत नाही. साइटवर लॉगिन नाही, विक्री नाही, वाचकाला फक्त मजकूर, फोटो, तक्ते आणि एखादा नकाशा बघायचा आहे, तर ती स्टॅटिक साइट आहे. सर्व्हरवर तयार फाइली पडलेल्या असतात, ब्राउझर मागेल ती फाइल दिली जाते, संपलं. डेटाबेस नाही, दर महिन्याचे प्लगइन अपडेट नाहीत, हॅक होण्यासारखंही फारसं काही नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून एक नमुना धरू. एका तालुक्यातल्या वीरगळांची नोंद: सुमारे ४०० फोटो, एक्सेलमधला एक तक्ता, गावं दाखवणारा नकाशा आणि दहा-बारा पानं मजकूर. तुमचा विषय ओव्यांचा, देवरायांचा किंवा बोलीच्या शब्दसंग्रहाचा असला तरी पायऱ्या याच.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. होस्ट (साइटच्या फाइली ठेवणारी कंपनी) कधीही बदलता येतो, प्रबंधात छापलेला पत्ता बदलता येत नाही. त्यामुळे कुठली कंपनी चांगली यावर जेवढी डोकेफोड कराल, त्याहून जास्त पत्त्यावर करा.

सुरुवातीला हे जमवून ठेवा

- स्वतःचा, कायम राहणारा ई-मेल. फक्त विद्यापीठाच्या ई-मेलवर खातं उघडू नका. पदवी मिळाली की तो बंद होतो आणि पासवर्ड बदलायची लिंक त्याच बंद पेटीत जाऊन पडते. दोन्ही ई-मेल जोडा.
- गिटहब या फाइली आणि त्यांच्यातला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या सेवेवरचं खातं आणि फोनवर कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप. गिटहबने २०२३ पासून कोड टाकणाऱ्यांना दोन टप्प्यांची पडताळणी सक्तीची करायला सुरुवात केली. रिकव्हरी कोड छापून कपाटात ठेवा, फोन हरवल्यावर तेच कामाला येतात.
- गिटहब डेस्कटॉप आणि एक साधा कोड एडिटर. व्हीएस कोड चालेल.
- फोटो लहान करायचं साधन. फोटो मोजके असतील तर ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश, शेकड्यांनी असतील तर इमेजमॅजिक.
- लायसन्सचा निर्णय. मजकूर आणि फोटो दुसऱ्याला वापरू द्यायचे तर क्रिएटिव्ह कॉमन्सचं सीसी बाय ४.० पुरेसं आहे. सहलेखक किंवा छायाचित्रकार असतील तर त्यांची परवानगी लेखी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा "हो" सुद्धा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१. साइटवर काय ठेवायचं आणि काय नाही

पहिला हिशोब आकाराचा. आजच्या फोनचा एक फोटो चार-पाच एमबीचा असतो. ४०० फोटो म्हणजे जवळपास दोन जीबी. गिटहब पेजेसवर (गिटहबची फुकट होस्टिंग सेवा) प्रसिद्ध झालेली साइट एक जीबीपेक्षा मोठी चालत नाही. तेच फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेल ठेवून वेबपी फॉर्मॅटमध्ये केले तर प्रत्येकी सुमारे ३०० केबी होतात, सगळे मिळून १२० एमबी. वाचकाला एवढे पुरतात. मूळ मोठे फोटो साइटवर नकोतच, त्यांची जागा सातव्या पायरीत येते.

दुसरा हिशोब नाजूक आहे आणि तो कुणी सांगत नाही. फोनच्या फोटोत लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश फाइलच्या आत लिहिलेले असतात. एक्सिफ म्हणतात त्याला. गावाबाहेर उघड्यावर पडलेल्या वीरगळाचा अचूक ठिकाणा जगजाहीर करणं म्हणजे मूर्तिचोराला नि गुप्तधन शोधणाऱ्याला आमंत्रण. दुर्मीळ वनस्पतींचंही तेच. त्यामुळे फोटो चढवण्याआधी एक्सिफटूल या साधनाने ही माहिती काढून टाका आणि नकाशावर दगडाच्या जागी गावाचा बिंदू द्या. अचूक नोंद स्वतःकडे ठेवा, मागणाऱ्याला ओळख पटवून द्या.

हे आधीच करायचं, कारण गिटमध्ये (गिटहबच्या मुळाशी असलेली, फाइलींचा इतिहास ठेवणारी प्रणाली) पुसलेलं पुसलं जात नाही. आज फाइल चढवली आणि उद्या डिलीट केली तरी कालच्या इतिहासात ती शाबूत राहते आणि रेपॉझिटरी (गिटहबवरचा तुमच्या साइटचा फोल्डर) सार्वजनिक असेल तर कुणालाही उघडता येते. मुलाखत देणाऱ्यांची नावं, फोन नंबर, आधार क्रमांक असलेली संमतीपत्रं साइटच्या फोल्डरच्या आसपासही ठेवू नका. मी अशी कागदपत्रं पूर्ण वेगळ्या ड्राइव्हवर ठेवतो.

२. फाइली शिस्तीत लावा

नावं रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मधे स्पेसऐवजी आडवी रेघ. मराठीचा अभिमान इथं महागात पडतो. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, आणि पत्ता कॉपी केला की त्यातला प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह धरून तीन चिन्हांचा होतो. "वीरगळ" हा पाच चिन्हांचा शब्द लिंकमध्ये ४५ चिन्हांचा होऊन बसतो. तळटीपेत तो छापून बघा! पानाचं शीर्षक आणि मजकूर अर्थातच मराठीत ठेवा, फक्त फाइलचं नाव रोमन.

लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ सर्वांत जास्त लोकांना छळतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फाइलचं शेपूट मोठ्या अक्षरांत "जेपीजी" असतं, तुम्ही पानावर लहान अक्षरांत लिहिता. विंडोजला दोन्ही एकच, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर फोटो दिसतो. गिटहबच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात, त्यामुळे साइटवर फोटोच्या जागी तुटलेली चौकट येते. सगळी नावं एकदाच लहान अक्षरांत करून टाका.

मजकूर जुना असेल, श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएममध्ये टाइप केलेला, तर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि एकदा डोळ्यांनी वाचून काढा. रूपांतर करणारी साधनं जोडाक्षरांत, विशेषतः रफार आणि ऱ्हस्व इकारात, चुका करतात. शोधयंत्राला फक्त युनिकोड कळतो, त्यामुळे "तिथं फॉन्ट टाकला की दिसेल" हा मार्ग विसरा.

एक्सेलचा तक्ता सीएसव्ही (साध्या मजकुराच्या रूपातला तक्ता) म्हणून सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" हा पर्याय निवडा. साधा "सीएसव्ही" निवडला तर गावांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. प्रत्येक एचटीएमएल पानाच्या डोक्यात अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याची ओळ आणि भाषा "एमआर" असल्याचा उल्लेख हवा. भाषेच्या त्या दोन अक्षरांमुळे स्क्रीन रीडर आणि भाषांतर करणारे ब्राउझर तुमचं पान हिंदी समजत नाहीत, आणि काही फॉन्टांत ल आणि श मराठी वळणाचे दिसतात.

३. होस्ट निवडा

पर्याय भरपूर आहेत. कामाचे तेवढे सांगतो.

*गिटहब पेजेस.* नवख्या संशोधकाला मी डोळे झाकून हेच सुचवतो. फुकट आहे, २००८ पासून चालू आहे, आणि अडलं तर उत्तर शोधायला वेळ लागत नाही. मर्यादा: साइट एक जीबीपर्यंत, एक फाइल १०० एमबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी डेटा. शेवटची मर्यादा लवचीक आहे. एक पान फोटोंसकट तीन एमबीचं धरलं तर १०० जीबीत महिन्याला तीस हजारांहून जास्त वेळा पान उघडता येतं. वीरगळांच्या साइटला एवढी गर्दी झाली तर आनंदच आहे. फुकट खात्यावर रेपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते. पैसे भरून किंवा विद्यार्थी सवलतीतून ती खासगी केली तरी साइट सार्वजनिकच राहते, हे लक्षात ठेवा. "लिंक कुणाला माहीत नाही" ही गुप्तता नव्हे.

*क्लाउडफ्लेअर पेजेस.* वेगवान, आणि स्टॅटिक फाइलींच्या डेटावर बंधन नाही. पण फुकट योजनेत एका साइटला २०,००० फाइली आणि प्रत्येक फाइल २५ एमबी ही मर्यादा आहे. मोठे नकाशे किंवा हस्तलिखितांची पानं झूम करता यावीत म्हणून त्यांचे तुकडे पाडले असतील तर २०,००० चा आकडा बघता बघता भरतो, आणि ध्वनिमुद्रणं असतील तर २५ एमबी आडवे येतात. कच्चा मसुदा मोजक्या लोकांनाच दाखवायचा असेल तर यांची अ‍ॅक्सेस नावाची सेवा उपयोगी पडते. ई-मेलवर आलेला कोड टाकल्याशिवाय पान उघडत नाही, आणि ५० जणांपर्यंत ती फुकट आहे.

*नेटलिफाय.* फोल्डर ओढून ब्राउझरमध्ये टाकला की साइट तयार. उद्या सेमिनार आहे आणि आज रात्री काहीतरी दाखवायचं आहे, तर याच्याइतकं सोपं काही नाही. फक्त खातं न उघडता टाकलेली साइट थोड्या वेळाने नाहीशी होते. यांच्या फुकट योजनेचे नियम आणि मोजमापं अधूनमधून बदलतात, त्यामुळे ठरवण्याआधी किमतीचं पान स्वतः वाचा.

*गिटलॅब पेजेस.* रेपॉझिटरी खासगी ठेवून साइट सार्वजनिक करायची असेल तर चांगला. थोडं जास्त तांत्रिक आहे: एक छोटी सूचना-फाइल लिहावी लागते आणि साइट सहसा "पब्लिक" नावाच्या फोल्डरमध्ये तयार करतात.

*विद्यापीठाचा सर्व्हर.* एसी डॉट इन चा पत्ता मिळतो, त्याला वजन आहे. एसी डॉट इन ची नोंदणी अर्नेट इंडियाकडे असते आणि ती शिक्षणसंस्थांनाच मिळते. पण विचारून घ्यायचे प्रश्न तीन: फाइली मी स्वतः चढवू शकतो का, की प्रत्येक बदलाला अर्ज लागेल? मी बाहेर पडल्यावर फोल्डर किती दिवस राहील? वेबसाइट नव्याने बांधली की जुने पत्ते चालू ठेवणार का? तिसऱ्या प्रश्नाला "बघू" असं उत्तर आलं तर समजून जा. विभागांची संकेतस्थळं नव्याने बांधताना जुने पत्ते सर्रास तुटतात, आणि छापील लेखांतल्या लिंक उघडल्या की फक्त मुखपृष्ठ येतं. विद्यापीठाच्या पानावरून तुमच्या साइटला दुवा द्या. साइट मात्र आपल्या ताब्यात ठेवा.

*गूगल साइट्स* माहितीपत्रकापुरती ठीक. तिथून साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही, आणि संशोधनाच्या साइटला ते परवडत नाही. अ‍ॅमेझॉनसारख्या क्लाउडवर स्टॅटिक साइट ठेवता येते, पण तिथं कार्ड जोडावं लागतं, बिल वापराप्रमाणे येतं, आणि ते समजून घेण्यात जाणारा वेळ प्रबंधाला द्यावा हे बरं.

४. पानं कशी बनवायची

दहा-बारा पानांसाठी हाताने एचटीएमएल लिहिलं तरी चालतं. त्यापुढे जनरेटर घ्या: तुम्ही मार्कडाउनमध्ये (मोजक्या खुणा वापरून लिहिलेला साधा मजकूर) लिहायचं, तो पानं बनवून देतो. आर किंवा पायथनमध्ये विश्लेषण करत असाल तर क्वार्टो घ्या, आलेख आणि संदर्भसूची एकाच जागी होतात. पानं शेकड्यांनी असतील तर ह्यूगो. जेकिल गिटहबमध्ये अंगभूत आहे, पण तुमच्या लॅपटॉपवर चालवायला रुबी बसवावी लागते आणि विंडोजवर तिथं बरेच जण कंटाळतात.

थीम निवडताना सुंदर नमुना बघून भुलू नका. त्यात मराठीचा एक परिच्छेद टाकून बघा. इंग्रजीसाठी ठेवलेल्या कमी ओळअंतरात वेलांट्या आणि उकार एकमेकांवर चढतात. नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्त हे दोन्ही फॉन्ट खुले आहेत. ते स्वतःच्या साइटवरच ठेवा आणि ओळअंतर १.७ च्या आसपास करा.

नकाशासाठी लीफलेट (वेबपानावर नकाशा दाखवणारं साधन) आणि ओपनस्ट्रीटमॅप (खुला नकाशा) पुरेसं. ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयोल्लेख नकाशाच्या कोपऱ्यात हवाच, ती अट आहे. आणि झूम आपल्या जिल्ह्यापुरता बांधून टाका. पूर्ण भारत दिसेल इतका मागे जाऊ दिला तर देशाच्या बाह्य सीमांचा प्रश्न येतो. भारतात प्रसिद्ध होणाऱ्या नकाशात त्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच असाव्या लागतात, ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तशा नसतात.

आधी स्वतःच्या लॅपटॉपवर तपासा, पण फाइलवर डबल क्लिक करून नको. तसं उघडलं की सुरक्षेच्या कारणाने ब्राउझर शेजारची डेटा फाइल वाचू देत नाही, नकाशा कोरा दिसतो आणि माणूस दोन तास नसलेली चूक शोधत बसतो. व्हीएस कोडचं लाइव्ह सर्व्हर हे एक्स्टेन्शन टाका आणि त्यातून उघडा.

५. गिटहब पेजेसवर साइट चढवा

अ) गिटहबवर नवी रेपॉझिटरी करा. नाव "तुमचं-यूजरनेम डॉट गिटहब डॉट आयओ" असं दिलं तर साइट थेट त्या पत्त्यावर येते. दुसरं काही, समजा "वीरगळ" (रोमनमध्ये), दिलं तर पत्ता त्या गिटहब डॉट आयओपुढे तिरकी रेघ आणि वीरगळ असा होतो. यूजरनेम विचार करून घ्या. कॉलेजात घेतलेलं गमतीदार नाव परीक्षकांसमोर तसंच जातं.

आ) रेपॉझिटरी "पब्लिक" ठेवा, रीडमी फाइल जोडा.

इ) गिटहब डेस्कटॉपमध्ये "क्लोन" करून ती लॅपटॉपवर उतरवा. साइटच्या सगळ्या फाइली त्या फोल्डरमध्ये टाका. मुख्य पानाचं नाव "इंडेक्स डॉट एचटीएमएल" असलंच पाहिजे आणि ते सर्वांत वरच्या पातळीवर हवं, आतल्या फोल्डरमध्ये नको. ब्राउझरमधून ओढून टाकायचा मार्गही आहे, पण तिथं एका वेळी १०० फाइली आणि प्रत्येकी २५ एमबी एवढंच जातं.

ई) डेस्कटॉपमध्ये बदलांची यादी दिसेल. खाली एका ओळीत काय केलं ते लिहा ("उत्तर भागातील फोटो जोडले"), "कमिट" दाबा (बदलाची नोंद होते), मग "पुश" (तो गिटहबवर जातो). या ओळी कामचलाऊ लिहू नका. सहा महिन्यांनी कुठल्या दिवशी काय बदललं हे शोधायला त्याच असतात.

उ) गिटहबच्या साइटवर रेपॉझिटरीच्या "सेटिंग्ज" मध्ये जा, डावीकडे "पेजेस". सोर्समध्ये "डिप्लॉय फ्रॉम अ ब्रँच", ब्रँच "मेन", फोल्डर "रूट", आणि "सेव्ह". फोल्डरचे पर्याय दोनच मिळतात, रूट आणि "डॉक्स". क्वार्टो पानं वेगळ्या नावाच्या फोल्डरमध्ये बनवतो, त्यामुळे क्वार्टोच्या सेटिंगमध्ये आउटपुटचा फोल्डर "डॉक्स" करा आणि इथं तोच निवडा.

ऊ) "अ‍ॅक्शन्स" टॅबमध्ये पिवळा ठिपका हिरवा होईपर्यंत थांबा. एक-दोन मिनिटं लागतात. लाल झाला तर त्यावर क्लिक करून चुकीचा संदेश वाचा, बहुतेक वेळा फाइलचं नाव आणि ओळ तिथंच लिहिलेली असते.

साइट उघडली पण रंगरूप गेलं, नुसता पांढऱ्यावर काळा मजकूर दिसतोय? हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. स्टाइलच्या फाइलचा पत्ता तिरक्या रेघेने सुरू केला की ब्राउझर ती डोमेनच्या (साइटच्या मुख्य पत्त्याच्या) मुळाशी शोधतो, आणि तुमची साइट तर एका फोल्डरच्या आत आहे. सुरुवातीची ती रेघ काढा, आतल्या फोल्डरमधल्या पानांवर वरच्या पातळीचा सापेक्ष पत्ता द्या. ह्यूगो असेल तर "बेस यूआरएल" पूर्ण आणि शेवटच्या रेघेसकट लिहा.

अधोरेखेने सुरू होणाऱ्या नावाचे फोल्डर गायब झाले? ते जेकिलचं काम. गिटहब साइट जेकिलमधून काढतं आणि जेकिल असे फोल्डर वगळतं. सर्वांत वरच्या पातळीवर "डॉट नोजेकिल" नावाची रिकामी फाइल ठेवली की प्रश्न मिटतो.

बदल केला पण जुनंच दिसतंय? गिटहब पेजेस ब्राउझरला दहा मिनिटं जुनी प्रत वापरू देतं. चहा घेऊन या.

आणि मोठ्या फाइलींसाठी गिट एलएफएस (मोठ्या फाइली वेगळ्या ठेवायची गिटची सोय) वापरायचा विचार असेल तर सोडून द्या, पेजेसवर ते चालत नाही. डेटा फाइली गिटहबच्या कच्च्या फाइलींच्या पत्त्यावरून ओढायचीही सवय नको. भारतात काही नेटवर्कवर तो पत्ता उघडत नसल्याच्या तक्रारी मागे झाल्या आहेत. फाइल साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

६. स्वतःचा पत्ता घ्या

इथं खर्च करा. साध्या डॉट इन डोमेनला वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर लागतात. मोबाइल नंबर पोर्ट केला की कंपनी बदलते आणि नंबर तोच राहतो, डोमेनचं तसंच आहे. गिटहबवरून उद्या क्लाउडफ्लेअरवर गेलात तरी प्रबंधात छापलेली लिंक चालू राहते.

जाहिरातीतला पहिल्या वर्षाचा दर बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. विद्यार्थी सवलतीत फुकट मिळणाऱ्या डोमेनचंही तेच: पुढच्या वर्षी पूर्ण दर द्यावा लागतो. डोमेनसोबत "होस्टिंग, ई-मेल, सुरक्षा प्रमाणपत्र" असं काय काय टोपलीत आधीच टाकलेलं असतं. सगळ्यावरची टिक काढा. प्रमाणपत्र गिटहब फुकट देतं.

नोंदणी नेहमी स्वतःच्या नावावर करा. साइट बनवून देणाऱ्या मुलाच्या किंवा कंपनीच्या खात्यात डोमेन राहिलं तर ते तुमचं नाही.

जोडणी अशी. डोमेन जिथं घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये (पत्ता कुठल्या सर्व्हरकडे न्यायचा ते इथं लिहितात):

- मूळ डोमेनसाठी चार "ए" नोंदी: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसऱ्या आकड्याच्या जागी १०९, ११० व १११ घालून आणखी तीन. (टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे.)
- डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक "सीनेम" नोंद, जी तुमच्या गिटहब डॉट आयओ पत्त्याकडे बोट दाखवते. इथं रेपॉझिटरीचं नाव जोडायचं नसतं.
- आधीपासून असलेली "पार्किंग" ची नोंद काढून टाका. ती राहिली तर साइट कधी उघडते, कधी जाहिरातीचं पान येतं.

मग गिटहबच्या "पेजेस" मध्ये "कस्टम डोमेन" च्या रकान्यात पत्ता लिहा. डीएनएस पसरायला काही मिनिटांपासून एक दिवसापर्यंत वेळ जातो. त्यानंतर "एन्फोर्स एचटीटीपीएस" वर टिक करा. ती टिक राखाडी दिसत असेल तर प्रमाणपत्र अजून बनतंय, थांबा. डीएनएस क्लाउडफ्लेअरकडे असेल तर तोपर्यंत नोंदीसमोरचा नारिंगी ढग (वाचक क्लाउडफ्लेअरमार्फत येतात याची खूण) बंद करून करडा ठेवा, नाहीतर प्रमाणपत्र अडकतं.

शेवटचा एक बंदोबस्त: खात्याच्या सेटिंगमध्ये डोमेन "व्हेरिफाय" करण्याची सोय आहे, एक "टीएक्सटी" नोंद टाकावी लागते. ती टाका. साइट बंद केली आणि डीएनएस मात्र गिटहबकडेच बोट दाखवत राहिलं, तर तिसराच कुणी आपल्या रेपॉझिटरीला तुमचा पत्ता लावू शकतो. तुमच्या संशोधनाच्या लिंकवर जुगाराची जाहिरात दिसलेली कुणाला आवडेल?

७. डेटाला डीओआय घ्या

डीओआय म्हणजे संदर्भात देता येणारा कायमचा ओळख-क्रमांक. साइट वाचण्यासाठी, डेटा उद्धृत करण्यासाठी. हे दोन वेगळे ठेवा. मूळ मोठे फोटो, पूर्ण तक्ता आणि रकान्यांचा खुलासा झेनोडो या संशोधन-डेटाच्या संग्रहावर ठेवा. जिनिव्हाजवळची सर्न ही संस्था २०१३ पासून ते चालवते, एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली फुकट बसतात आणि डीओआय मिळतो. फोटोंतल्या लोकेशनचा पहिल्या पायरीतला नियम इथंही लागू. नोंद प्रसिद्ध झाली की फाइली बदलता येत नाहीत, नवी आवृत्ती काढावी लागते.

गिटहबचं खातं झेनोडोला जोडलं तर तुम्ही रेपॉझिटरीत "रिलीज" काढली की तिची प्रत आपोआप तिकडे जाते. डीओआय दोन दिसतील: एक त्या आवृत्तीचा, एक सगळ्या आवृत्त्यांचा मिळून. प्रबंधात ज्या आकड्यांवर निष्कर्ष काढलेत, तिथं त्या आवृत्तीचाच डीओआय द्या. साइटच्या पहिल्या पानावर दुसरा चालेल.

८. लिंक पाठवण्याआधी

साइट साध्या अँड्रॉइड फोनवर, वायफाय बंद करून उघडा. तुमचे वाचक तसेच येणार आहेत. रुंद तक्ते कडेला सरकतात का, नकाशा बोटात अडकून पान खाली जायचं थांबतं का, ते बघा. लिंक स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून छोटं चित्र आणि शीर्षक येतं का तपासा. साइटवर शोध हवा असेल तर पेजफाइंड हे साधन वेगळ्या सर्व्हरशिवाय चालतं, पण "वीरगळ" शोधल्यावर "वीरगळांवर" असलेली पानं येतात का, हे स्वतः शोधून बघा. मराठीची विभक्ती सगळ्या साधनांना झेपत नाही.

गूगल सर्च कन्सोलमध्ये साइटची नोंद करा, नाहीतर ती गूगलला सापडायला आठवडे लागू शकतात. वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहाच्या "सेव्ह पेज नाऊ" मधून मुख्य पानांची प्रत काढून ठेवा.

"कसा संदर्भ द्यावा" हे पान विसरू नका: लेखकाचं नाव, वर्ष, शीर्षक, पत्ता, डीओआय, आवृत्ती.

९. लाइव्ह झाल्यावर

डोमेनचं ऑटो-रिन्यू चालू करा आणि कार्डची मुदत संपण्याच्या महिन्याची आठवण कॅलेंडरमध्ये टाका, कारण ऑटो-रिन्यू बहुधा कालबाह्य कार्डावरच फसतं. आपल्याकडे कार्डवरून आपोआप पैसे कापायला आधी मंजुरी द्यावी लागते, तीही दिलेली आहे का पाहा. शक्य असेल तर एकदम पाच वर्षांचे पैसे भरा.

पानाचं नाव बदलावंसं वाटलं तर आवरा. बदललंच तर जुन्या नावाची फाइल ठेवून तिच्यातून नव्या पानाकडे वळवा. गिटहब पेजेसवर सर्व्हरच्या पातळीवर पत्ता वळवता येत नाही, क्लाउडफ्लेअर आणि नेटलिफायवर "अधोरेखा-रीडायरेक्ट्स" नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहून येतो.

रेपॉझिटरीतल्या रीडमी फाइलमध्ये हे सगळं मराठीत लिहून ठेवा: डोमेन कुठं घेतलं, नूतनीकरण कधी, जनरेटर कुठला आणि त्याची कितवी आवृत्ती, पानं बनवायची आज्ञा काय, डेटाचा डीओआय कुठला. पासवर्ड तिथं नको. आणि गाइड किंवा विश्वासातल्या सहकाऱ्याला रेपॉझिटरीत सहभागी म्हणून जोडा, म्हणजे तुम्ही फील्डवर्कला रेंज नसलेल्या गावात असताना गावाचं चुकलेलं नाव दुसऱ्या कुणाला तरी दुरुस्त करता येईल.